अंतराळ मोहिमेत इतके टप्पे आणि इतक्या तपासण्या कशासाठी असतात?

तुम्ही विचारलेले इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही खानापूर तालुक्यातले असून बेळगावच्या उद्यमबागेतील एका वर्कशॉपमध्ये गुणवत्ता तपासणीचे काम पाहता. तुमच्याकडे एका कंत्राटदारामार्फत उपग्रहासाठीच्या ॲल्युमिनियम ब्रॅकेटचे ४० नग करण्याचे काम आले. सगळे नग मापात होते, सीएमएमचा, म्हणजे मापे घेणाऱ्या यंत्राचा, अहवालही स्वच्छ होता. तरीही पूर्ण लॉट अडवून ठेवण्यात आला, कारण मधल्या काळात मशीनवरचे कूलंट, म्हणजे धातू कापताना थंडावा देणारे द्रव, बदलले गेले होते आणि तसे कळवलेले नव्हते. तुमच्या फोरमननी विचारले, "जॉब बसतोय की, मग कागद कशाला?" तोच प्रश्न तुम्ही पुढे नेला आहे. आपण तीन आठवड्यांत करून देतो त्या कामाला ही मंडळी वर्ष का लावतात, प्रकल्पाचे टप्पे आणि आढावा बैठका यांचा प्रत्यक्ष उपयोग काय, आणि ज्याला सिस्टिम्स इंजिनीअर म्हणतात तो नेमके काय करतो, असे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

उपग्रहांची जुळणी आणि चाचणी या कामात मी तीस वर्षे घालवली आणि निवृत्तीनंतर टिळकवाडीत परत आलो, त्यामुळे उद्यमबागेतील कामाची रीत आणि उपग्रहाच्या स्वच्छ कक्षातील रीत या दोन्ही मी जवळून पाहिल्या आहेत. फोरमनच्या प्रश्नात वावगे काहीच नाही. हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या, म्हणजे तेलाचा दाब तयार करणाऱ्या संचाच्या, एखाद्या भागात दोष निघाला तर गिऱ्हाइकाचा फोन येतो, आपला माणूस जातो आणि भाग बदलून येतो. उपग्रहाच्या बाबतीत ही सोय उड्डाणाच्या क्षणी संपते, आणि खरे पाहता ती त्याच्या कितीतरी आधीपासून थोडी थोडी संपत आलेली असते. आराखडा कागदावर असताना चूक खोडून काढता येते. धातू कापल्यावर त्याच चुकीपायी नग भंगारात जातो. जुळणी झाल्यावर त्या नगापर्यंत हात पोहोचण्यासाठी आजूबाजूची दहा उपकरणे उतरवावी लागतात आणि त्यांच्या झालेल्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. प्रकल्पाचे टप्पे या घटत जाणाऱ्या संधीच्या हिशेबाने आखलेले असतात. मागे फिरणे अजून परवडते आहे तोवर थांबायचे आणि पुढे जाण्याइतका पुरावा हातात आहे का ते पाहायचे, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

नासाच्या पद्धतीत हे टप्पे पूर्व-एपासून एफपर्यंत सात आहेत, तर युरोपीय अंतराळ संस्थेत ते शून्यापासून एफपर्यंत मोजतात. नावे वेगळी असली तरी क्रम तोच आहे. आधी कल्पना तपासायची, मग गरजा पक्क्या करायच्या, मग प्राथमिक आराखडा, अंतिम आराखडा आणि निर्मिती, जुळणी, चाचणी व उड्डाण, त्यानंतर प्रत्यक्ष वापर आणि सर्वांत शेवटी विल्हेवाट. इस्रोमध्येही प्राथमिक आराखड्याचा आढावा, अंतिम आराखड्याचा आढावा, रवानगीपूर्व आढावा आणि मोहीम सज्जता आढावा असे थांबे येतात, आणि शेवटी उड्डाणाला परवानगी देणारे मंडळ बसते. यांतल्या दोन थांब्यांचे महत्त्व मला सर्वांत जास्त वाटते. प्राथमिक आराखड्याच्या आढाव्यात, लागणारे तंत्रज्ञान खरोखर तयार आहे की आपण ते तयार होईल असे धरून चाललो आहोत, हे विचारले जाते. त्यासाठी १ ते ९ अशी तंत्रज्ञान-सज्जतेची पट्टी वापरतात आणि या वेळेपर्यंत महत्त्वाची तंत्रे सहाव्या पायरीवर, म्हणजे कामाच्या जागेशी मिळत्याजुळत्या वातावरणात चालवून दाखवलेली, असावीत अशी अपेक्षा असते. अंतिम आराखड्याच्या आढाव्यात प्रश्न सरळ असतो: आता धातू कापायला हरकत नाही ना? त्यानंतर ड्रॉइंगमधली एक रेघ हलवायची तरी ती लेखी बदलाच्या वाटेनेच हलते. या बैठकांमध्ये सर्वांत उपयोगी पडतो तो प्रकल्पाबाहेरून आलेला माणूस, कारण आतल्या मंडळींना जे गृहीत वाटते तेच तो पहिल्यांदा विचारतो.

आता सिस्टिम्स इंजिनीअरबद्दल. बेळगाव हायड्रॉलिक्सच्या कामासाठी ओळखले जाते, म्हणून तिथलेच उदाहरण घेतो. पंप तपासून आलेला असतो, व्हॉल्व्ह तपासून आलेला असतो, सिलिंडरचा बोअर आणि होनिंग उत्तम असते, आणि तरीही सगळे जोडल्यावर पॉवर पॅक धडधडतो. दोष कोणत्याच भागात सापडत नाही, कारण तो दोन भागांच्या मधे असतो: पंपाचा प्रवाह, नळीची लांबी आणि व्हॉल्व्हचा प्रतिसाद यांचे एकमेकांशी जुळलेले नसते. ज्याच्या नावावर कोणताच भाग नाही पण प्रत्येक जोड ज्याच्या नावावर आहे, तो सिस्टिम्स इंजिनीअर. पैसा आणि तारखा प्रकल्प व्यवस्थापक सांभाळतो. वजन, वीज, उष्णता, माहितीचा वेग आणि रोखाची अचूकता यांचा तांत्रिक हिशेब सिस्टिम्स इंजिनीअरकडे असतो. उपग्रहाच्या प्रत्येक गटाला वजनाचा ठरावीक वाटा दिलेला असतो, सुरुवातीला एकूण वजनावर २० ते ३० टक्के राखीव ठेवलेले असतात, आणि आराखडा जसजसा पक्का होतो तसतसे ते राखीव मोजून-मापून खर्च केले जातात. कॅमेऱ्याच्या गटाला दोन किलो वाढवून हवे असतील तर ते कुणाच्या वाट्यातून जाणार आणि त्यामुळे इंधन किती कमी होणार, हे त्याच दिवशी सांगता आले पाहिजे.

जोड चुकतो म्हणजे काय होते, ते मी एकदा अगदी जवळून पाहिले आहे. एका उपग्रहाच्या पॅनेलवर बसणाऱ्या पेटीचे ड्रॉइंग पेटी करणाऱ्या गटाने वरून पाहिल्यासारखे काढले होते, तर पॅनेल करणाऱ्या गटाने तोच छिद्रांचा नकाशा पॅनेलच्या आतल्या अंगाने पाहिल्यासारखा काढला होता. चार कोपऱ्यांतली चार छिद्रे दोन्हींकडे सारखीच असल्यामुळे पेटी अलगद बसली, स्क्रू लागले, सहीही झाली. रात्री दीडच्या सुमारास वायर हार्नेस, म्हणजे तारांची बांधलेली जुडी, जोडायला घेतला तेव्हा कनेक्टर विरुद्ध बाजूला होता आणि हार्नेस जवळजवळ एक वीत कमी पडत होता. हातमोजे घातलेल्या हातात ते टोक धरून आम्ही पाच जण त्या वीतभर अंतराकडे बघत उभे राहिलो. दोन्ही ड्रॉइंगे मंजूर होती आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती. नव्हते ते एकच वाक्य, कोणत्या बाजूने पाहायचे ते. त्या वाक्यापायी आमचे नऊ दिवस गेले. दोन गटांमधला इंटरफेसचा दस्तऐवज म्हणतात तो हेच लिहिण्यासाठी असतो: छिद्रे कुठे, पाहायचे कुठून, कनेक्टरची कितवी पिन कशासाठी, किती वीज, किती उष्णता, आणि या कागदात बदल करायचा तर सही कुणाकुणाची.

आपल्या भागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. ड्रॉइंग इंग्रजीत येते, फोरमन मराठीत समजावतो आणि मशीनवरचा कामगार पुष्कळदा कन्नडमध्ये विचार करतो. एकमेकांना समजून घेण्याची ही सवय बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडच्या माणसाला लहानपणापासून असते आणि ती मोठी जमेची बाजू आहे. पण स्क्रू मराठीत 'घट्ट' आणि कन्नडमध्ये 'बिगी' आवळायचा एवढेच सांगितले तर प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. किती न्यूटन-मीटर हा आकडा आणि टॉर्क रेंचचा क्रमांक लिहिला, की तिन्ही भाषांत अर्थ एकच राहतो. माणसामाणसांतले जोडही याच कामात मोडतात.

सुटे भाग निर्दोष आणि मोहीम अपयशी, याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण म्हणजे ७ ऑगस्ट २०२२ चे एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण. तिन्ही घन इंधनाच्या टप्प्यांनी आपले काम नीट केले. दुसरा टप्पा सुटा होताना जो हादरा बसला, त्याची कंपने उपकरणांच्या तळपट्टीवर पोहोचली आणि वेगातला बदल मोजणाऱ्या सहाही त्वरणमापकांची वाचने क्षणभर कमाल मर्यादेला जाऊन भिडली. मापके बिघडलेली नव्हती. पण दोष ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने सगळी मापके बिघडली असे मानले आणि वाहन आणीबाणीच्या पद्धतीवर गेले. ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी उपग्रह ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत सोडले गेले आणि इतक्या खालच्या कक्षेत ते टिकणे शक्यच नव्हते. यात चूक कुणाची म्हणायची? विलगीकरण यंत्रणेने विलग केले, मापकांनी जाणवले ते सांगितले, सॉफ्टवेअरने शिकवल्याप्रमाणे निर्णय घेतला. विलगीकरणाचा हादरा किती काळ टिकेल आणि सॉफ्टवेअर किती काळ वाट पाहील, ही दोन उत्तरे एकाच टेबलावर शेजारी ठेवून पाहणे, हे ते जोडकाम. पुढे कमी हादरा देणारी विलगीकरण यंत्रणा बसवली गेली, दोष ओळखण्याचे तर्क सुधारले गेले आणि १० फेब्रुवारी २०२३ चे दुसरे उड्डाण यशस्वी झाले.

हे जोड शब्दांनी बांधले जातात, म्हणून गरज कशी लिहावी यावर आमचा बराच वेळ जातो. 'ब्रॅकेट मजबूत असावा' ही इच्छा झाली. अमुक वारंवारतेपासून अमुक वारंवारतेपर्यंत, तिन्ही अक्षांवर, अमुक पातळीची कंपने दिल्यानंतर ब्रॅकेटला तडा नसावा आणि त्याची स्वाभाविक वारंवारता अमुक टक्क्यांपेक्षा जास्त सरकलेली नसावी, ही गरज झाली, कारण ती पूर्ण झाली की नाही हे दाखवता येते. प्रत्येक गरजेपुढे ती कशी सिद्ध करणार हे त्याच दिवशी लिहायचे असते: चाचणीने, गणिताने, निरीक्षणाने की प्रत्यक्ष चालवून. ते लिहिता येत नसेल तर गरजच अजून नीट समजलेली नाही.

मात्र नुसते लिहून भागत नाही. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे नासाचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी हरवले ते एककांच्या गोंधळामुळे, हे तुम्ही कॉलेजात ऐकले असेल. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने यानावरच्या छोट्या इंजिनांचा आवेग पौंड-सेकंदांत दिला, घेणाऱ्याने तो न्यूटन-सेकंद समजून घेतला, आणि ४.४५ पटींचा फरक महिनोन्महिने साचत गेला. सहसा सांगितली जात नाही ती गोष्ट अशी की इंटरफेसच्या दस्तऐवजात न्यूटन-सेकंदच लिहिलेले होते. कागद बरोबर होता, पण सॉफ्टवेअर त्या कागदाप्रमाणे चालते का हे कुणी तपासून पाहिले नव्हते. मार्गनिर्देशन करणाऱ्या काही जणांना आकडे खटकत होते, परंतु ती शंका रीतसर नोंदवली जाऊन तिचा निकाल लागला नाही. टप्प्यांची व्यवस्था कागदासाठी कागद करू लागली की असे होते, आणि तुमच्या फोरमनचा राग त्या वेळी रास्तच ठरतो.

तुम्ही गेज वापरणारे आहात, म्हणून हबल दुर्बिणीची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा घासताना आकार तपासण्यासाठी एक प्रकाशीय गेज केले होते. त्यातल्या भिंगाचे अंतर मोजण्याच्या दांडीच्या टोकावर एक टोपी होती. टोपीवरचा काळा लेप एका ठिकाणी उडालेला होता, आणि प्रकाश दांडीच्या टोकावरून परतण्याऐवजी त्या उघड्या ठिपक्यावरून परतला. त्यामुळे भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले. त्या गेजच्या हिशेबाने आरसा अतिशय अचूक घासला गेला, आणि नेमका चुकीच्या आकारात अचूक: कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट. वाईट वाटते ते याचे की दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी हा दोष दाखवला होता, पण ती कमी अचूक आहेत म्हणून त्यांचे म्हणणे बाजूला ठेवले गेले. एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि चित्रे अंधुक आली. अंतराळवीर पोहोचू शकतील अशा कक्षेत ती होती आणि दुरुस्ती करता येईल अशीच तिची रचना होती, म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये सुधारक प्रकाशयंत्रणा बसवता आली. चंद्राकडे किंवा मंगळाकडे निघालेल्या यानाला ही सोय नाही. ज्या गेजने काम केले त्याच गेजने काम पास करायचे नाही, दुसऱ्या रीतीने मोजायचे, आणि दोन उत्तरे जुळली नाहीत तर महागड्या उपकरणाच्या बाजूने आपोआप कौल द्यायचा नाही.

आता तुमच्या कूलंटकडे येतो. नगावरचे माप व्हर्नियरने किंवा सीएमएमने कळते, पण काही गुण तयार नगावर तपासून कळतच नाहीत. पृष्ठभागावर राहिलेला तेलाचा किंवा सिलिकोनचा सूक्ष्म थर निर्वातात गेल्यावर वाफ होऊन सुटतो आणि जवळच्या थंड भागावर, म्हणजे पुष्कळदा कॅमेऱ्याच्या भिंगावर किंवा उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यावर, जाऊन बसतो. अंतराळात जाणाऱ्या पदार्थांसाठी सर्वत्र वापरला जाणारा निकष असा आहे की निर्वातात १२५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवल्यावर वजनातली घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पट्टीवर जमणारा थर ०.१ टक्क्याच्या आत असावा. हे प्रत्येक नगावर करून पाहता येत नाही. म्हणून ठरलेली मशीन, ठरलेले कूलंट, ठरलेली धुण्याची पद्धत आणि ठरलेला क्रम यांनी केलेले सुरुवातीचे नग कसून तपासतात आणि मग ती पद्धत गोठवतात. पात्रतेचा पुरावा त्या पद्धतीचा असतो. पद्धतीतली एक गोष्ट बदलली की पुढच्या नगांपुरता तो पुरावा संपतो, मग माप कितीही बिनचूक असो. हीट नंबरचा, म्हणजे धातूच्या प्रत्येक ओतीला दिलेल्या क्रमांकाचा, आग्रहही याच कारणाने धरतात: दोन वर्षांनी एखाद्या सळईत दोष आढळला तर त्याच ओतीचे भाग कोणकोणत्या उपग्रहात गेले आहेत, हे तासाभरात सांगता यावे लागते.

हायड्रॉलिक्सवाल्यांना सीलचे महत्त्व सांगायला नको. १२ ऑगस्ट २०२१ रोजी इस्रोच्या जीएसएलव्ही-एफ१० या प्रक्षेपकाचा वरचा क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणारा, टप्पा नीट चालू शकला नाही, कारण द्रव हायड्रोजनच्या टाकीत पुरेसा दाब उरलेला नव्हता. चौकशीत टाकीच्या व्हेंट आणि रिलीफ व्हॉल्व्हमधून झालेल्या गळतीकडे बोट गेले आणि त्या व्हॉल्व्हच्या मऊ सीलला इजा झाली असावी असा निष्कर्ष निघाला. इजेची संभाव्य कारणे काय सांगितली गेली, तर व्हॉल्व्हची उघडझाप, बाहेरचा कचरा, किंवा अतिथंड अवस्थेत बसवणीमुळे आलेला ताण. यांतले प्रत्येक कारण तुमच्या बाकावर रोज भेटणारे आहे. एका सीलवर पूर्ण प्रक्षेपक आणि उपग्रह अवलंबून असतो, हे ऐकायला अतिशयोक्त वाटते, पण झाले ते असेच.

टप्प्यांची व्यवस्था चांगली चालते तेव्हा ती अपयशातून काय मिळवते, ते चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ एकत्र ठेवून पाहावे. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम हे यान चंद्रावर उतरताना पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यामुळे आलेले फरक एका टप्प्यात साचत गेले, ते भरून काढण्यासाठी यानाला वेगाने वळावे लागले आणि वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातलेली होती. त्यातच उतरण्याची जागा ५०० बाय ५०० मीटर इतकी लहान ठरवलेली होती. एकेक फरक सुटा पाहिला तर सहन होण्याजोगा होता, पण सगळे एकाच दिशेने आले आणि उतरणे फसले. पुढच्या मोहिमेच्या आराखड्याचा आरंभच 'काय काय चुकू शकेल' इथून झाला. मधले पाचवे इंजिन काढले, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, सौरपट्टे वाढवले, वेग थेट मोजणारा लेझर डॉप्लर मापक बसवला, उतरण्याचा प्रदेश ४ बाय २.४ किलोमीटर इतका मोठा केला, आणि सेकंदाला दोनऐवजी तीन मीटर वेगाने टेकले तरी यान तगावे अशी तयारी केली. हेलिकॉप्टरला टांगून मापके तपासली, क्रेनला टांगून इंजिने चालवून पाहिली, चंद्रासारख्या मातीवर पायांचे प्रयोग केले. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान उतरले तेव्हा मी इथे शेजाऱ्यांच्या घरी दहा-बारा जणांबरोबर टीव्हीसमोर होतो, आणि मला त्या क्षणी आठवत होते ते क्रेनखाली उभे राहून नोंदी घेणारे लोक.

यावर एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे: मग मंगळयान इतक्या झटपट कसे झाले? ऑगस्ट २०१२ मध्ये मंजुरी आणि ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण, म्हणजे सव्वा वर्ष. खर्च सुमारे ४५० कोटी. तारीख ग्रहांनी ठरवलेली होती, कारण मंगळाकडे जाण्याची सोयीची संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदाच येते. एवढ्या वेळात ते जमले, कारण यानाचा सांगाडा आणि बरीचशी उपकरणे आधीच्या मोहिमांत सिद्ध झालेली होती. त्या भागांसाठीचे आढावे आधीच्या दशकांत पार पडले होते. वेळ आणि काळजी खर्च झाली ती जे खरोखर नवे होते त्यावर. सुमारे ३०० दिवस बंद राहिलेले मुख्य इंजिन मंगळापाशी पुन्हा पेटेल का, ही त्यातली मोठी चिंता होती. त्यासाठी इंधनाची समांतर वाट ठेवली गेली, आणि २२ सप्टेंबर २०१४ ला इंजिन जेमतेम चार सेकंद चालवून पाहिले गेले. दोन दिवसांनी यान कक्षेत गेले. टप्पे गाळलेले नव्हते. कुठे घट्ट धरायचे आणि कुठे सैल सोडायचे याचा निवाडा केलेला होता, आणि सिस्टिम्स इंजिनीअरचा अनुभव खरा लागतो तो इथेच. छोट्या उपग्रहांत आज पात्रतेसाठी वेगळा नमुना न बनवता उड्डाणाच्याच नगाला वाढीव पातळीची पण कमी वेळाची चाचणी देतात, तोही अशाच निवाड्याचा भाग आहे.

शेवटच्या टप्प्याकडे तरुण अभियंत्यांचे लक्ष क्वचित जाते. मेघा-ट्रॉपिक्स हा भारत आणि फ्रान्स यांचा उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ ला तीन वर्षांच्या कामासाठी सोडला होता, पण तो दहा वर्षांहून अधिक चालला. सुमारे ८६७ किलोमीटर उंचीवर सोडून दिला असता तर तो शंभराहून अधिक वर्षे फिरत राहिला असता. नियंत्रित रीतीने खाली आणण्यासाठी तो मुळात बनवलेलाच नव्हता. उरलेल्या सुमारे १२५ किलो इंधनाचा उपयोग करून टप्प्याटप्प्याने कक्षा खाली आणली आणि ७ मार्च २०२३ ला प्रशांत महासागरावर त्याचा शेवट केला. सुरुवातीच्या गरजांमध्ये विल्हेवाटीचे वाक्य असते तर हे काम पुष्कळ सोपे गेले असते. आता नव्या मोहिमांत ते वाक्य पहिल्याच टप्प्यात लिहिले जाते.

या कामाकडे कसे वळावे, असेही तुम्ही विचारले आहे. पदवी मेकॅनिकलची की इलेक्ट्रॉनिक्सची, याने मोठा फरक पडत नाही. आपल्या शाखेपलीकडच्या माणसाचे ड्रॉइंग वाचण्याची आणि त्याला न लाजता प्रश्न विचारण्याची सवय लागते. उद्यमबागेत ओतकाम, मशीनिंग, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग हे सगळे सायकलच्या अंतरावर आहे. एखादा नग या चारही ठिकाणांतून जाताना प्रत्येक हाताबदलात काय हरवते ते महिनाभर टिपून पाहा. हत्तरगीकडच्या विमानभागांच्या कारखान्यांत काम केलेले मित्र असतील तर त्यांच्याकडची प्रक्रिया-नोंद कशी भरतात, तेही समजून घ्या.

अडकलेल्या लॉटबाबत माझा सल्ला असा आहे. वाद घालण्याआधी कूलंट कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत बदलले आणि त्या वेळी मशीनवर कितवा नग होता, हे जॉब कार्डावरून शोधून काढा. त्याआधीचे नग वेगळे ठेवा, कारण ते बहुधा पास होतील. नव्या कूलंटची माहितीपत्रिका मागवा आणि त्यात सिलिकोन किंवा क्लोरीनयुक्त घटक आहेत का ते पाहा. नंतरच्या नगांतले दोन, त्याच हीट नंबरच्या कच्च्या सळईच्या तुकड्यासह, अवशेषांच्या चाचणीसाठी देण्याची तयारी दाखवा, आणि हे सगळे एका पानाच्या विचलन-अहवालात, म्हणजे ठरल्यापेक्षा काय वेगळे झाले ते सांगणाऱ्या कागदात, मांडून पाठवा. काय झाले हे लपवलेले नाही आणि कोणत्या नगापासून झाले हे नेमके माहीत आहे असे दिसले, की समोरचा अभियंताही लॉट वाचवण्याच्या बाजूने विचार करू लागतो, असा माझा अनुभव आहे. आणि कूलंटच्या पिंपावर कंपनीचे नाव, बॅच आणि ओतल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी उद्या सकाळी पहिल्या पाळीच्या आधी लावून घ्या.